‘माझं नाव टाकू नका’ म्हणणाऱ्या पुरातत्त्वज्ञांना

पोस्ट लांब आहे, सवड असेल तेव्हा वाचा. आणि एक विनंती, कमेंटमध्ये पक्ष आणू नका. या प्रकरणात कुठलाच पक्ष स्वच्छ नाही, ते खाली येईलच.

जानेवारी २०२२ मध्ये राज्याच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून रिफायनरीसाठी बारसूची जागा सुचवली. त्याच वर्षी कोकणातली कातळशिल्पं भारताच्या वतीने युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. नऊ ठिकाणं आहेत त्यात. रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, देवाचे गोठणे आणि बारसू. शिवाय सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं पणसायमळ. म्हणजे ज्या गावाला सरकारचा एक हात जगाचा वारसा म्हणत होता, त्याच गावचा सडा दुसरा हात कारखान्यासाठी दाखवत होता. पुढे सरकार बदललं. पत्र लिहिणारे विरोधात जाऊन बसले आणि माती परीक्षण दुसऱ्यांनी केलं. एवढाच फरक.

एप्रिल २०२३ मधलं ते माती परीक्षण तुम्हाला आठवत असेल. जमावबंदी, पोलिसांच्या गाड्या, रस्त्यावर आडव्या झालेल्या बायका, अश्रुधूर, धरपकड. बातम्या त्याच्याच झाल्या, आणि व्हायलाच हव्या होत्या. कातळशिल्पांचा प्रश्न मात्र बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात एका ओळीत यायचा, आणि त्यावर सरकारी उत्तरही ठरलेलं: शिल्पांची जागा वगळू. विषय संपला.

‘वगळू’ म्हणजे नक्की काय? शिल्पाभोवती दहा फूट की हजार फूट? किती शिल्पं? मोजली कोणी? ही उत्तरं पोलीस अधीक्षक देऊ शकत नाहीत, प्रांत देऊ शकत नाहीत, आमदार तर नाहीच नाही. ती द्यायला ज्यांनी आयुष्य या विषयात घातलंय अशी माणसं आपल्या राज्यात आहेत. डेक्कन कॉलेजसारखी संस्था पुण्यात आहे, मुंबई विद्यापीठ आहे, राज्याचं पुरातत्त्व संचालनालय आहे, केंद्राचं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आहे.

मी त्या दिवसांत सात-आठ जणांना फोन लावले. कोणी अर्धा-पाऊण तास बोललं. इतकं सुंदर समजावून सांगितलं की लिहून घेताना माझा हात दुखला. आणि फोन ठेवता ठेवता सगळ्यांचं एकच वाक्य: “हे सगळं तुमच्या माहितीसाठी हां, माझं नाव टाकू नका.” एकाने फक्त फोटो पाठवले, खाली एक शब्द नाही. एकजण स्पष्ट बोलले, “आमची एक परवानगी वर अडकलीय, आत्ता नको.” काहीजण जाहीरपणे बोलले, लिहिलं, त्यांना मानलं पाहिजे. पण त्यांची संख्या बोटावर मोजण्याइतकी होती. त्यांच्या मागे त्यांची संघटना, त्यांचा विभाग, त्यांचे शिक्षक, कोणीच उभं राहिलेलं मला दिसलं नाही.

त्या बिननावी फोनांवर मला जे कळलं ते आधी सांगतो, कारण आपल्याकडे अजूनही पुष्कळांना वाटतं की दगडावरच्या चार रेघा आहेत, कुंपण घातलं की झालं.

जांभ्याच्या उघड्या सड्यावर कोरलेली ही चित्रं आहेत. कशेळीचा हत्ती पन्नास फुटांहून लांब आहे आणि त्याच्या पोटात लहान-मोठ्या प्राण्यांची, माशांची नुसती गर्दी आहे. बारसूला एक माणूस आहे, दोन्ही बाजूंना दोन जनावरं घेऊन उभा. कुठे एकशिंगी गेंडा आहे, जो आज कोकणात औषधालाही सापडणार नाही. देवाचे गोठणेला शिल्पाजवळ होकायंत्र धरलं तर काटा भलतीकडेच वळतो. अभ्यासक या चित्रांचं वय हजारो वर्षांत मोजतात. पण खरी अडचण पुढेच आहे. पुरातत्त्वात वय ठरतं ते मातीच्या थरांवरून, त्यात सापडणाऱ्या कोळशावरून, हाडांवरून. सड्यावर माती नाही, म्हणून थर नाहीत. मग वय काढायचं तर आजूबाजूला बघावं लागतं. दगडी हत्यारांचे तुकडे कुठे पडलेत, पाणी कुठे साचत होतं, जवळ गुहा आहे का, एका चित्रापासून दुसरं किती लांब आणि मधे काय. म्हणजे पुरावा चित्रात कमी आणि चित्राभोवतीच्या मोकळ्या दिसणाऱ्या कातळात जास्त. तो कातळ फोडला आणि चित्राभोवती छान रेलिंग लावलं, पाटी लावली, तरी अभ्यासापुरतं ते चित्र मेलं. लग्नाच्या फोटोतून एका माणसाचा चेहरा कापून पाकिटात ठेवण्यासारखं आहे ते. चेहरा राहतो, लग्न कोणाचं होतं ते कळत नाही.

हे एवढं साधं स्पष्टीकरण. हे कोणी एका पुरातत्त्वज्ञाने पत्रकार परिषद घेऊन, नकाशा लावून सांगितलं असतं तर ‘जागा वगळू’ या दोन शब्दांवर गप्प बसणं सरकारला जड गेलं असतं.

आणि ही शिल्पं शोधली कोणी, तेही सांगतो. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सोबती. रूढ अर्थाने पुरातत्त्वाची नोकरी करणारी माणसं नव्हेत ही. गुराख्यांना विचारत, सडे तुडवत वर्षानुवर्षं फिरले. त्यांनी जगापुढे आणलेली गोष्ट वाचवायची वेळ आली तेव्हा पगारी तज्ज्ञ कुठे होते, हा माझा प्रश्न आहे.

ते गप्प का बसले? भित्रे आहेत म्हणून, असं मी म्हणणार नाही. कारणं खरी आहेत आणि ती समजून घेतली पाहिजेत.

सरकारी नोकरीतल्या पुरातत्त्वज्ञाला वर्तणूक नियम लागू असतात. केंद्राचे १९६४ चे, राज्याचे १९७९ चे. सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करायची नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. आता गंमत बघा. स्मारकाचं रक्षण हेच ज्याचं काम, त्याने स्मारकाला धोका आहे असं म्हटलं की ती धोरणावर टीका होते. कारण धोका सरकारकडूनच असतो.

मग विद्यापीठातला प्राध्यापक? तो तरी बोलू शकेल? तर उत्खनन करायचं म्हणजे दिल्लीची परवानगी लागते. राज्य सरकारच्या खात्यालासुद्धा लागते. दरवर्षी अर्ज, दरवर्षी वाट. विद्यार्थ्यांच्या पीएचड्या त्या परवानगीवर टांगलेल्या. वनस्पतीशास्त्राच्या माणसाला एक डोंगर बंद झाला तर तो दुसऱ्या डोंगरावर जाईल. पुरातत्त्वज्ञाच्या सगळ्या डोंगरांची किल्ली एकाच खिशात आहे. त्यात नोकऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. निवड समितीवर कोण बसणार, प्रकल्पाला पैसे कोण देणार, सगळे एकमेकांना ओळखतात. इतक्या छोट्या गावात भांडण कोण काढेल?

सरकारी जाहिरातीवर चालणाऱ्या छोट्या दैनिकांच्या जगात मी वीस वर्षं काढली आहेत. गप्प राहायला कोणी सांगावं लागत नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नाही.

पण मग एक प्रश्न उरतो. हीच सगळी भीती पर्यावरणवाल्यांनाही होती की. माधव गाडगीळांच्या समितीने २०११ साली पश्चिम घाटाचा अहवाल दिला. सरकारने तो दाबून ठेवला. माहिती अधिकारात मागणी झाली, प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा कुठे २०१२ च्या मेमध्ये तो बाहेर आला. तो अंमलात आला नाही ते सोडा. पण आज कोकणातल्या कुठल्याही ग्रामसभेत एखादा शेतकरी उठून ‘गाडगीळ अहवालात काय म्हटलंय’ असं विचारू शकतो. कातळशिल्पांच्या बाबतीत त्याच शेतकऱ्याच्या हातात काय कागद आहे? काही नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारे ड्रोनचे व्हिडिओ आहेत.

आता जरा मोठ्या चित्राकडे येऊ. कारण हे बारसूपुरतं नाही.

नागार्जुनसागर धरणाची पायाभरणी १९५५ च्या डिसेंबरमध्ये नेहरूंच्या हस्ते झाली. त्या पाण्याखाली नागार्जुनकोंडा जाणार होतं, इक्ष्वाकूंची राजधानी, स्तूप, विहार, सगळं खोरंच. पुरातत्त्व खात्याने १९५४ ते १९६० अशी सहा वर्षं तिथे खोदकाम केलं आणि काही वास्तू सुट्या करून टेकडीवर आणि काठावर पुन्हा उभ्या केल्या. काम अफाट होतं, त्यात शंका नाही. देश उपाशी होता, धरण हवंच होतं, हेही मान्य. पण तिथून आपल्याकडे एक पायंडा पडला. ठरवणार दुसरे, पुरातत्त्ववाल्यांनी फक्त सामान हलवायचं. गोव्यात साळावली धरणाच्या वेळी कुर्डीचं महादेवाचं देऊळ असंच दगड दगड सुटा करून दुसरीकडे नेलं. आणि जिथे तेवढंही झालं नाही तिथे उजनीतल्या पळसदेवसारखं होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देऊळ वर येतं, चॅनलवाले बोटीतून जाऊन बातमी करतात, पावसाळ्यात पुन्हा बुडतं.

या सामान हलवण्यातला पेच सर्वांत उघडा पडला तो तुर्कस्तानात, हसनकेफला. टायग्रिस नदीकाठचं हे गाव, तिथली वस्ती बारा हजार वर्षांची सांगतात. इलिसू धरणात ते जाणार होतं. २००९ साली जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांनी प्रकल्पाच्या कर्जाची हमी काढून घेतली. पुनर्वसन, पर्यावरण आणि वारसा या अटी पाळल्या जात नाहीत, हे कारण. तुर्की सरकार म्हणालं, आमचे आम्ही बांधू. बांधलं. २०१७ मध्ये पंधराव्या शतकातली झेनेल बेची कबर, तब्बल अकराशे टनांची, चाकांवर घालून दोन किलोमीटर नेली. जगभर व्हिडिओ फिरले, वाहवा झाली. २०२० पर्यंत गाव पाण्याखाली.

तिथल्या पुरातत्त्वज्ञांपुढे दोनच वाटा होत्या. एक, धरणाच्या पैशातून घाईघाईने खोदायचं, जेवढं नोंदवता येईल तेवढं नोंदवायचं. दुसरी, नकार द्यायचा. खोदलं तर तुमचा अहवाल प्रकल्पाला जोडला जातो: ‘वारशाची नोंद घेण्यात आली आहे.’ म्हणजे तुमची सही हीच बुडवण्याची परवानगी. नाही खोदलं तर पाणी थांबत नाहीच, आणि जे होतं ते कायमचं न बघताच गेलं. यात बरोबर कोण, हे मला घरी बसून सांगता येत नाही. पण तिसरी वाट असते असं मला वाटतं. खोदा, पण अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा की ही जागा बुडवू नये असं आमचं मत आहे, आणि खोदून निघालं त्याच्या शंभरपट खाली राहिलंय. ते एक वाक्य लिहायला वर्तणूक नियम आड येत नाहीत. तो शेरा आहे, टीका नव्हे. इंजिनिअर पुलावर शेरा मारतो, डॉक्टर पोस्टमॉर्टेमवर मारतो.

शेरे न मारल्याने काय होतं? ‘कॅग’ने २०१३ मध्ये सांगितलं की केंद्र संरक्षित स्मारकांपैकी ९२ स्मारकं जागेवर सापडतच नाहीत. पुढे शोधाशोध झाली. बेचाळीस सापडली. चौदा शहरं वाढण्यात गेली, बारा धरणांच्या पाण्यात, आणि चोवीसांचा पत्ताच नाही. ही आकडेवारी सरकारनेच संसदेत दिलेली. आता मला सांगा, संरक्षित स्मारक म्हणजे निळी पाटी, मंडळ कार्यालय, तपासणीला येणारा अधिकारी. धरण एका रात्रीत भरत नाही, घळभरणीपासून वर्षं लागतात. त्या बारा स्मारकांच्या फायलीत कोणा अधिकाऱ्याने ‘हे बुडणार आहे’ असं लिहिलं होतं का? लिहिलं असेल तर ते बाहेर का आलं नाही?

आणि हे झालं यादीतल्या स्मारकांचं. त्यांना निदान १९५८ चा कायदा आहे, २०१० च्या दुरुस्तीनंतर भोवती शंभर मीटर बांधकामबंदी आहे. (ती बंदी केंद्राच्या प्रकल्पांसाठी सैल करण्याचं विधेयक जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेने मंजूरही केलं होतं, राज्यसभेत अडकलं म्हणून वाचलो. त्यावर चौकाचौकात चर्चा झालेली कोणाला आठवते?) जी जागा अधिसूचित नाही तिच्या बाबतीत कायद्याच्या लेखी फक्त दगड आहे. एवढंच कशाला, पर्यावरण परिणामाचा अहवाल बनवणाऱ्या कंपनीकडे हवेचा, पाण्याचा, मातीचा, आवाजाचा तज्ज्ञ लागतो. पुरातत्त्वज्ञ असलाच पाहिजे अशी सक्ती नाही. ही मागणी पुरातत्त्वज्ञांच्या संघटनांनी रस्त्यावर उतरून करायला हवी होती, निदान त्यांच्या पोरांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून तरी. ब्रिटनमध्ये १९९० पासून विकासकालाच आधी पुरातत्त्व तपासणी करून घ्यावी लागते. तिथेही तपासणारा विकासकाच्या पैशावर असतो, म्हणजे भानगडी आहेतच. पण प्रश्न निदान आधी विचारला जातो.

बोलल्याने काय होतं, असं मला एका निवृत्त अधिकाऱ्यांनी विचारलं होतं. उदाहरणं त्यांच्या बाजूची आहेत, नाही म्हणत नाही. पुरीला जगन्नाथ मंदिराभोवतीच्या कामात मे २०२२ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाने ओडिशा उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन सांगितलं की खोदकामात प्राचीन अवशेष नष्ट झाले असण्याची शक्यता आहे. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामाविरुद्धच्या याचिका दंड लावून फेटाळल्या. काम झालं. तमिळनाडूत कीळडीचं उत्खनन करणारे अमरनाथ रामकृष्ण यांची २०१७ मध्ये आसामात बदली झाली. २०२३ मध्ये त्यांनी जवळजवळ हजार पानांचा अहवाल दिला, २०२५ मध्ये तो दुरुस्त्यांसाठी परत आला, त्यांनी आपल्या कालमापनावर ठाम असल्याचं कळवलं आणि काही आठवड्यांत पुन्हा बदली. तिथे वारसा पाडण्याचा प्रश्न नव्हता, पण इतरांनी घ्यायचा तो धडा घेतलाच असणार.

आणि १९९४ ची दिल्लीतली जागतिक पुरातत्त्व परिषद. अयोध्येच्या घटनेला दोन वर्षं होत होती. परिषदेत त्यावर चर्चाच करायची नाही असं ठरलं, आणि शेवटच्या दिवशी व्यासपीठावर धक्काबुक्की झाली. (पुन्हा सांगतो, कमेंटमध्ये मंदिर-मशीद नको. मुद्दा एवढाच की जगभरचे पुरातत्त्वज्ञ एका इमारतीत जमले आणि त्या वेळच्या सर्वांत मोठ्या प्रश्नावर तोंड उघडायची बंदी होती.) याच संघटनेने चार वर्षं आधी आपली आचारसंहिता केली होती. ज्यांचा वारसा त्या लोकांप्रति पुरातत्त्वज्ञाची बांधिलकी काय, ते तीत आहे.

ती बांधिलकी हाच माझा मुद्दा आहे. बारसूच्या एका घरात एका मावशींनी मला विचारलं होतं, “दगडावरची चित्रं काय शिजवून खायची? माझा पोरगा मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत राहतो.” त्यांना उत्तर द्यायला मी बांधील नाही, पण कोणीतरी आहे. रिफायनरी हवी की नको हे पुरातत्त्वज्ञांनी ठरवू नये. ते गाव ठरवेल. पण गावापुढे दोन्ही कागद हवेत. एका कागदावर रोजगाराचे आकडे असतात, चकचकीत, रंगीत, कंपनीने छापलेले. दुसरा कागद कोराच असतो. तो भरायचं काम ज्यांचं, ते फोनवर पाऊण तास बोलतात आणि नाव टाकू नका म्हणतात.

हुतात्मा व्हा असं कोणाला म्हणत नाही. नोकरीत असलेल्या तरुणाला तर नाहीच. पण निवृत्त प्राध्यापक, माजी संचालक, पुरस्कार घेतलेली, पुस्तकं लिहिलेली मंडळी आहेत. त्यांची कुठली परवानगी अडकलीय? पंधरा जणांनी मिळून एक पत्रक काढलं तर एकाची बदली होत नाही. आणि खोदून ठेवलेल्या जागांचे अहवाल वर्षानुवर्षं छापलेच जात नाहीत, तेही याच गप्प बसण्यात मोडतं. अहवाल नाही म्हणजे पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणजे उद्या तिथे बायपास जाऊ शकतो.

शेवटी एक अगदी छोटी मागणी, ज्याला धाडस लागत नाही. भूसंपादनाची संयुक्त मोजणी होते तेव्हा झाडं मोजतात, विहिरी मोजतात, घरं, गोठे, बांध, सगळ्याची नोंद होते. मी पाहिलेल्या कागदांत कातळशिल्पाला रकाना नाही. सातबाऱ्यावरही नाही. ज्या गावांत तुम्ही सर्वेक्षण केलंय तिथल्या शिल्पांची यादी गट नंबर घालून मराठीत करा. किती आहेत, कुठे आहेत, भोवती किती जागा सोडली पाहिजे. ती ग्रामपंचायतीला द्या, एक प्रत तलाठ्याला, एक तहसीलदारांना, आणि आवक नंबर घ्या. आमच्या तालुक्यातल्या ज्या ग्रामपंचायतींना ती यादी ग्रामसभेत ठेवायची असेल त्यांनी मला इनबॉक्समध्ये कळवा. अर्जाचा नमुना मी तयार करून ठेवलाय.